नॅव्हार्क ली नालस : एका पदवीची पार्श्वभूमी

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या मालिकेत ली नालस हा बजोर या काल्पनिक ग्रहावरचा प्रतिकारयोद्धा दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या तीनच भागांत येतो, हे भाग १९९३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाखवले गेले. त्याचा लौकिक बजोरवर कार्डेशियन या परग्रहवासीयांची राजवट होती त्या काळातला. उतारावरून घसरत तो तळ्याकाठी पोहोचला, अंतर्वस्त्रांत पाण्याबाहेर येणारा एक कार्डेशियन समोर उभा ठाकला आणि लीने गोळी झाडली. मेलेला माणूस बजोरी गावांच्या कत्तलींना जबाबदार असलेला अधिकारी निघाला. पुढे इतरांचे विजयही लीच्या नावावर जमा होत गेले.

सर्व युद्धकैदी सोडले, असे कार्डेशियन सांगत असताना तो त्यांच्या श्रमछावणीत होता. तेथून बाहेर आलेल्या एका कर्णभूषणामुळे त्याचा ठावठिकाणा लागला आणि त्याची सुटका झाली. बजोरच्या हंगामी सरकारने त्याला ‘नॅव्हार्क’ ही पदवी दिली, आणि खरा गुंता येथेच आहे. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ आरमारप्रमुख. त्यातील ‘नौ’ आणि संस्कृतातील ‘नौ’ सगोत्र आहेत. मराठीत ‘सरखेल’ म्हणावे, तर तेही जुळत नाही, कारण सरखेलाच्या हाताखाली खरोखरीचे आरमार असे. स्पार्टात तर एकाच व्यक्तीस दोनदा नॅव्हार्क होता येत नसल्यामुळे इ.स.पू. ४०५ मध्ये नावापुरत्या दुय्यम पदावरील सेनानीकडे प्रत्यक्ष सूत्रे देण्यात आली होती. लीच्या बाबतीत नेमके उलटे घडले : पदवी खास त्याच्यासाठी निर्माण झाली, पण तिच्याबरोबर कोणते अधिकार आले, हे कोणी सांगितले नाही. जे प्रत्यक्षात घडले ते एवढेच की, त्याला ‘डीप स्पेस नाइन’ या अवकाशस्थानकावर संपर्क अधिकारी नेमून तेथील स्पष्टवक्त्या बजोरी अधिकारी महिलेला हटवण्यात आले. ही नेमणूक करणारा मंत्रीच गुप्तपणे परकीयविरोधी कटाचे नेतृत्व करत होता, हे लक्षात घेता या पदवीला गौरव म्हणणे मला पटत नाही.

लीने स्वतः हा भार टाळण्यासाठी मालवाहू जहाजात लपून पळण्याचा प्रयत्न केला होता. मात्र स्थानक रिकामे करण्याची वेळ आली तेव्हा तो स्वेच्छेने मागे राहिला, आणि एका बजोरी कर्नलने स्थानकप्रमुखावर झाडलेला वार त्याने आडवे येऊन स्वतःच्या अंगावर घेतला. तळ्याकाठची हकीकत त्याने त्याच प्रमुखाला विश्वासाने सांगितली होती. लीच्या मृत्यूनंतर प्रमुखाने ती उघड केली नाही. कोणी विचारल्यास, ली हा प्रतिकाराचा नायक होता, असेच आपण सांगू, असे त्याने ठरवले.