द्राक्षबागेच्या दोन छाटण्या आणि आगाप छाटणीचा वाद

द्राक्षवेल मूळची थंड हवेतली. तिच्या मूळ मुलखात ती हिवाळ्यात पाने गाळते, काही महिने निजते आणि वसंतात एकदाच फुटते. त्यामुळे तिथे छाटणीही वर्षातून एकच. आपल्याकडे पंजाब-हरियाणातही थंडीत एक छाटणी आणि उन्हाळ्यात एक पीक असेच चालते. दख्खनमध्ये मात्र वेल निजतच नाही. छाटली की फुटते, मग महिना कोणताही असो. चौदाव्या शतकात दौलताबादेला आलेल्या एका मोरोक्कन प्रवाशाने इथल्या द्राक्षांना वर्षातून दोनदा फळ येते, असे लिहून ठेवले आहे. आजच्या सगळ्या वेळापत्रकाचे मूळ या स्वभावात आहे.

पांगाऱ्याच्या खांबावर चढवलेल्या भोकरी-फकडी या वाणांच्या जुन्या बागांत दोन बहार धरता येत. एप्रिलच्या छाटणीचा माल ऐन पावसाळ्यात येई. ढगाळ हवेत त्यात साखर भरत नसे, मणी आंबट राहत आणि भुरी-केवडा हे रोग पाठ सोडत नसत. ऑक्टोबरच्या छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात पिके. तो गोडा बहार, आणि म्हणून ती छाटणी आजही ‘गोडी’ म्हणून ओळखली जाते. आंबट बहार हळूहळू सोडून देण्यात आला, पण एप्रिलची छाटणी राहिली. तिचे काम तेवढे बदलले: फळ घ्यायचे नाही, पुढच्या फळासाठी काडी, म्हणजे घड धरणारी फांदी, तयार करायची. हीच ‘खरड’ छाटणी. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात हवामान आणि वाण वेगळे असल्याने आजही वर्षातून एकापेक्षा जास्त पिके निघतात. महाराष्ट्राने दोन छाटण्या आणि एक पीक असा मार्ग धरला.

हा मार्ग पक्का झाला तो १९६० नंतर थॉमसन सीडलेस हे बिनबियांचे वाण पसरल्यावर. या वाणाचे काडीच्या बुडाकडचे डोळे (ज्यांतून फूट निघते त्या कळ्या) बहुधा वांझ असतात, घड वरच्या डोळ्यांत असतो. भोकरीसारखी आखूड छाटणी करून यात माल मिळत नाही. त्याच काळात मांडव आला: डोक्याइतक्या उंचीवर तारांची जाळी, तिच्यावर ओलांडे (वेलीच्या कायमच्या आडव्या फांद्या) आणि ओलांड्यांवर काड्या. पुढे याच कुळातून सोनाका, तास-ए-गणेश, माणिक चमन निघाले आणि छाटणीचे गणित थोड्याफार फरकाने तेच राहिले. निर्यात वाढली तशी इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवायची वाय पद्धतही रुजली. त्यात घड हाताशी येतो, फवारा आतपर्यंत पोहोचतो, विरळणी सोपी जाते. मांडवाची सावली घडाला उन्हाच्या चट्ट्यापासून वाचवते, पण तीच सावली काडीला नडते.

काडीला ती का नडते, हे खरड छाटणीत कळते. माल उतरल्यावर बागेला पंधरा-वीस दिवस विश्रांती देतात आणि मग ओलांड्यावर एकेक डोळा ठेवून सगळी काडी खरडून काढतात. एप्रिलच्या उन्हात उघडे पडलेले ओलांडे तापतात आणि डोळे मागेपुढे फुटतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा त्यांच्यावर पाणी फवारावे लागते. फुटी निघाल्या की फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढून ९ × ५ फुटांच्या वेलीवर साधारण तीस ते पस्तीस काड्या राखतात. त्याहून जास्त ठेवल्या तर पाने एकमेकांवर चढतात, उजेड अडतो. फुटीला आठ-नऊ पाने झाली की सातव्या पानावर शेंडा मारतात. टोकाकडून निघालेली बगलफूट वाढू देतात आणि तिचाही शेंडा पाच पानांवर मारतात. ही सबकेन. शेंडा मारल्याने वाढीचा जोर थांबतो, अन्न सबकेन निघालेल्या गाठीजवळच्या डोळ्यांत साठते आणि घड तिथेच धरतो.

खरड छाटणीपासून ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घड तयार होतो की बाळी (वेलीचा नुसता तणावा), हे ठरते. या काळात लख्ख उजेड हवा, वाढीचा जोर कमी हवा आणि नत्र-पाणी हात आखडून द्यायला हवे. ऑक्टोबरात ‘घड जिरले’, म्हणजे वाढण्याऐवजी नाहीसे झाले, म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यांतल्या बऱ्याचशा तक्रारींचे बी मे-जूनमध्ये पेरलेले असते. बागायतदार गोडी छाटणीवर औषधे, मजुरी आणि चर्चा ओततो. खरड छाटणी मात्र ‘उरकली’ जाते. पीक तिथेच ठरते हे लक्षात घेतले तर ही उरकाउरकी महागात पडणारी आहे.

जोर आवरण्याची गरज आणखी वाढली ती डॉगरिज खुंटामुळे (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचे कलम भरतात ती वेल). क्षारपड जमीन आणि पाण्याचा तुटवडा यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात या खुंटावर कलमे भरण्याची पद्धत पसरली. मुळे तगली, पण वेलीला वाढीची अनावर ओढ लागली. ती रोखायला क्लोरमेक्वाटचे फवारे सर्रास होऊ लागले. २०१० मध्ये याच रसायनाचे अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर शेंडा मारणे आणि पाणी तोडणे या हातच्या कामांना पुन्हा किंमत आली.

आता वादाचा मुद्दा: गोडी छाटणी कधी घ्यायची?

ऑक्टोबर ही तारीख पावसाने ठरवलेली आहे. छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत डोळा पोंग्यात येतो (फुगून उमलू लागतो), पंधरा-अठरा दिवसांत घड दिसतो, पस्तीस-चाळीस दिवसांत फुलोरा येतो आणि चार ते साडेचार महिन्यांत माल उतरतो. पोंग्यापासून मणी धरेपर्यंतच्या दीड महिन्यात पाऊस झाला तर केवडा थेट घडावर जातो. फुलोऱ्यात झाला तर गळ आणि कूज होते. परतीचा पाऊस संपल्यावर छाटा, हा सल्ला यातूनच आला. फार उशीरही परवडत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर थंडीने डोळे एकसारखे फुटत नाहीत आणि माल एप्रिलच्या उष्णतेत सापडतो. सांगली-तासगावकडे उशिराचा माल बेदाण्याला जातो, तेव्हा तिथे हे थोडे निभावते. नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांना ती सोय नाही.

बागलाण, देवळा, कळवण या भागाने ही तारीखच उलटवली. तिथे जून-जुलैपासून आगाप, म्हणजे हंगामाआधीची, गोडी छाटणी सुरू होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात, इतरांची बाग फुलोऱ्यात असताना, माल बाजारात येतो. पाऊस तुलनेने कमी आणि ख्रिसमसपूर्वीची परदेशी मागणी, यामुळे दर चढा मिळतो. या दरावर टीका करणाऱ्यांनी त्याचा खर्चही पाहावा: पावसात दिवसाआड, कधी रोज फवारणी, ट्रॅक्टर चिखलात रुतत असताना पाठीवरच्या पंपाने काम आणि माल फुगायच्या वेळी परतीच्या पावसाने मणी तडकण्याची धास्ती. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबलाच नाही आणि आगाप बागा घडकुजीने जागेवर गेल्या. मात्र २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आगाप माल विकून झालेला होता आणि वेळेवर छाटलेल्यांचा माल वेलीवर अडकला. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे साल पुढे करतात.

आगाप छाटणीला विरोध करणारे पावसाचेच बोलतात. त्याहून गंभीर मुद्दा काडीचा आहे. जूनच्या अखेरीस छाटायचे तर खरड छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत हवी, म्हणजे काडीला पिकायला पुरेसे दिवस मिळतात. हे अंतर कमी पडले तर काडी हिरवी राहते. हिरव्या काडीवर कितीही औषध लावले तरी फूट बारीक येते. साधारण पेन्सिलीइतकी जाड, तपकिरी झालेली, आत गर कमी असलेली काडी हीच छाटणीची खरी तारीख सांगते. म्हणून छाटणीआधी काड्या नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घ्यावेत. घड गाठीजवळ आहे की वर, हे पाहूनच कात्री कुठे लावायची ते ठरते.

छाटल्यावर एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग होते, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हे रसायन काडीला लावतात. लिटरला ३० ते ४० मिली, उष्णता जास्त असेल तर कमी. हे काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि आधी किंवा नंतर काही दिवस दारू अजिबात घेऊ नये. दोन्ही शरीरात एकत्र आले तर प्रकृती गंभीर होते. काही मजुरांना हे आजही कोणी सांगत नाही.

गेल्या काही वर्षांत तारखेचे भांडण दोन्हीकडून अडचणीत आले आहे. २००९ मध्ये नोव्हेंबरातल्या फयान चक्रीवादळाच्या पावसाने वेळेवर छाटलेल्या बागा झोडपल्या, म्हणजे ऑक्टोबर सुरक्षित हा विश्वास तेव्हाच डळमळला होता. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला आणि मेअखेरीस मान्सून राज्यात दाखल झाला. खरड छाटणीनंतरचे उजेडाचे तेच ४०-६० दिवस त्यात सापडले. गोडी छाटणीची तारीख पुढे-मागे करून पोंग्यावरचा पाऊस चुकवता येतो. मेमधले ढग चुकवायचे तर खरड छाटणी मार्चमध्ये ओढावी लागते, आणि मार्चमध्ये बऱ्याच बागांत माल अजून वेलीवर असतो.

यावर प्लास्टिक आच्छादनाचा उपाय पुढे आला आहे. आगाप भागात त्याचा फायदा दिसतो: पाने कोरडी राहतात, केवड्याच्या फवारण्या घटतात, मणी तडकत नाहीत. खर्च एकरी काही लाखांचा असल्याने लहान बागायतदाराला तो कर्जाशिवाय झेपत नाही. शिवाय प्लास्टिक उजेड कमी करते आणि आतली हवा तापवते. माल उतरल्यावर ते गुंडाळले नाही आणि खरड छाटणी त्याच्याखालीच झाली, तर डोळ्यांत घडाऐवजी बाळी तयार होण्याचा धोका वाढतो. म्हणून माल निघाला की आच्छादन उतरवावे. ज्यांना मेच्या पावसापायी ते ठेवणे भाग आहे, त्यांनी काड्यांची संख्या नेहमीपेक्षा कमी राखावी, बगलफुटी वेळेवर काढाव्यात आणि नत्र तोडून शेंडा सातव्या पानाच्या पुढे जाऊ देऊ नये.