मऊ झालेला राजमा शिजलेला असेलच असं नाही

शिकायला बाहेरगावी निघालेल्या मुलांच्या सामानात हल्ली इलेक्ट्रिक किटली असते, क्वचित स्लो कुकरही. जोडीला मोबाईलवर फिरत आलेला सल्ला असतो: ‘प्रेशर कुकरमध्ये अन्नातलं सत्त्व मरतं, मंद आचेवर शिजवा.’ वरणभाताला एक वेळ चालेल. राजम्याला हाच न्याय लावला, तर जेवणानंतर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. त्याला चार-पाच कच्चे दाणेही पुरतात.

राजमा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वतात तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आणला. 1492 नंतर तो युरोपात गेला, तिथून पुढे आशियात. आपली फरसबी आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा याच जातीचे. या जातीच्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन, थोडक्यात पीएचए, नावाचं प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त.

हे प्रथिन मोठं गमतीचं आहे. रक्तगट तपासताना काचपट्टीवर तांबड्या पेशींचे पुंजके होतात, ते प्रतिपिंडांमुळे, म्हणजे अँटिबॉडींमुळे. पीएचए तेच काम प्रतिपिंडांशिवाय करतं. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. पीएचएच्या रेणूत चार उपघटक असतात आणि प्रत्येकाला अशी साखळी पकडणारी एकेक जागा असते. त्यामुळे एकच रेणू एकाहून अधिक पेशींना धरू शकतो. उपघटकही दोन प्रकारचे: ‘ई’ तांबड्या पेशींना चिकटतो, ‘एल’ पांढऱ्या पेशींना. 1960 मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांनी दाखवलं, की तांबड्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी वापरलं जाणारं पीएचए पांढऱ्या पेशींना चक्क विभाजन करायला लावतं. पेशी विभागली जात असतानाच गुणसूत्रं नीट दिसतात. म्हणून रक्तावरून गुणसूत्रं तपासताना आजही पीएचए वापरतात.

पोटात मात्र ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं, आणि पाचक रसांना सहजासहजी दाद देत नाही. त्याची घडी मोडायला उष्णताच लागते, तीही पुरेशी. 100 अंश सेल्सिअसला 10 मिनिटांत ते निकामी होतं. 80 अंशांवर दाणा हळूहळू मऊ पडतो, पण प्रथिन टिकून राहू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार 80 अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्याहून पाचपट विषारी ठरू शकतो! बोटानं दाबून ‘झाला’ म्हणणं इथे उपयोगाचं नाही. स्लो कुकर मंद आचेवर या धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळू शकतो, आणि किटली तर उकळी फुटताच बंद पडते.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज काय करतो ते जपाननं 2006 मध्ये पाहिलं. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात वजन घटवण्यासाठी पांढरा राजमा जेमतेम तीन मिनिटं भाजायचा, त्याची पूड करायची आणि भातावर घ्यायची, अशी कृती दाखवली. सुमारे हजार प्रेक्षकांना उलट्या-जुलाबाचा त्रास झाला, शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. दुसऱ्या टोकाला ‘लेक्टिन विष आहे, कडधान्यंच सोडा’ म्हणणारे आहेत. लेक्टिन म्हणजे शर्करांना चिकटणारं प्रथिन. पीएचए हे लेक्टिनच, पण नीट शिजवलेल्या उसळीत ते नगण्य उरतं.

तेव्हा राजमा निदान 5 तास भिजवावा, ते पाणी ओतून टाकावं आणि नव्या पाण्यात, दाणा पुरेसा तापल्याची खात्री व्हावी म्हणून, अर्धा तास खळाखळा उकळावा. स्लो कुकरच वापरायचा असेल, तर हे सगळं आधी उरकून. मोड आलेले मूग आपण कच्चे खातो, तसा मोड आलेला राजमा खाऊ नये. डब्यातला तयार राजमा शिजवलेलाच असतो. प्रेशर कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या आसपास पोहोचतं, त्यामुळे ज्याच्यावर सत्त्व मारल्याचा आळ येतो तोच इथे कामाचा. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावात तर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात राजमा कितीही वेळ रटरटला तरी 100 अंश गाठत नाही.