पतअहवाल-तपासणी (सोलापूर)

पतअहवाल-तपासणी : पतमाहिती कंपनीकडे (अनेक धनकोंकडून कर्जदारांची माहिती घेऊन ती सांभाळणारी कंपनी) साठलेली स्वतःच्या कर्जखात्यांची नोंद मागवून ती ताडून पाहणे. बोलीत यास ‘सिबिल काढणे’ म्हणतात. सिबिल हे अशा चार कंपन्यांपैकी एकीचे नाव; पण अहवाल उरलेल्या इक्विफॅक्स, एक्सपेरियन किंवा क्रिफ हाय मार्कचा असला तरी शब्द बदलत नाही.

ऋणकोने (कर्ज घेणाऱ्याने) आपला हिशेब पाहण्याच्या हक्काचे मूळ सोलापुरापुरते मागे नेता येते. १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. शेतकरी ऋणकोला सावकाराकडून पावती, हिशेबाचा उतारा व पासबुक मागण्याची तरतूद त्यात होती. आजच्या अहवालाचा तो पूर्वज मानण्याचा मोह होतो. मात्र तो उतारा एका धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) वहीपुरता होता. अनेक धनकोंची माहिती एकत्र करून तिसऱ्याने ती सांभाळावी ही कल्पना त्यात नाही. म्हणून आरंभ रिझर्व्ह बँकेच्या सिद्दीकी कार्यगटापासून (१९९९) धरणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याच्या शिफारशीनंतर २००० मध्ये सिबिल स्थापन झाली. व्यक्तींच्या कर्जांची माहिती ती २००४ पासून पुरवू लागली. ग्राहकाला स्वतःची नोंद पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा कायदेशीर आधार पतमाहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्याने दिला. तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला.

२०१७ पासून चारही कंपन्यांनी दर कॅलेंडर वर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. मागणी संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख व मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे होते. स्वतः पाहिल्याने गुणांक (परतफेडीच्या नोंदींवरून पतीला दिलेले गुण) घटतो ही समजूत चुकीची आहे. नोंद होते व परिणाम संभवतो तो कर्जमागणीनंतर धनकोने केलेल्या चौकशीचा. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, पण जाणकार आधी खातेनिहाय तक्ता वाचतात. त्यात छत्तीस महिन्यांपर्यंतचे थकीत दिवस दिसतात. तीन फुल्या म्हणजे थकबाकी नव्हे, त्या महिन्याची माहिती धनकोने कळवलेली नाही. ‘सेटल्ड’ हा शेरा मात्र ‘क्लोज्ड’ (खाते बंद) सारखा निरुपद्रवी नाही. तडजोडीत काही रक्कम सोडली गेली, असा त्याचा अर्थ. गृहकर्जाच्या तोंडावर धावपळ होते ती बहुधा याच शेऱ्यापायी.

सोलापुरात ओळख जुळवण्याचा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू भाषक एकत्र राहत असलेल्या या शहरात एकच नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे उतरते. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी, मराठी कागदावर कधी आधी तर कधी शेवटी. मध्ये वडिलांचे की पतीचे, हेही बदलते. शहराच्या नावाचे ‘शोलापूर’ हे जुने इंग्रजी वळणही पत्त्यांत आढळते. अशा वेळी एकाच व्यक्तीची खाती दोन नोंदींत विभागली जाण्याचा किंवा परक्याचे खाते आपल्या अहवालात शिरण्याचा संभव वाढतो. माहेरच्या नावाने सूक्ष्मवित्त संस्थेचे गटकर्ज घेतलेल्या विडी कामगार स्त्रीने लग्नानंतर अहवाल पाहताना दोन्ही नावे व जुने पत्ते तपासणे इष्ट. पॅन जुळल्यास घोळ बराच टळतो. मात्र जुन्या लहान कर्जखात्यांना तो जोडलेला असतोच असे नाही.

चूक आढळल्यास तक्रार पतमाहिती कंपनीकडे किंवा धनकोकडे करता येते. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, धनकोचा दुजोरा लागतो. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून आहे. पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

भिशी, हातउसने व सावकारी कर्ज अहवालात येत नाही. सहकारी बँका २००५ च्या कायद्याच्या कक्षेत आहेत; पतसंस्था सहसा नाहीत. त्यामुळे पतसंस्थेचा हप्ता वर्षानुवर्षे वेळेवर भरणाऱ्या यंत्रमागधारकाचाही गुणांक कोरा राहू शकतो.