नासाकोटरांतील रचनाभेद आणि अपुरी वाढ

नाकाभोवतीच्या हाडांत असणाऱ्या, हवेने भरलेल्या पोकळ्यांना नासाकोटरे किंवा सायनस म्हणतात. गालामागचे हनुकोटर, कपाळातील ललाटकोटर, दोन्ही डोळ्यांमधील झर्झरास्थीतील लहान लहान कोश आणि कवटीच्या तळाशी असलेले जतुककोटर असे त्यांचे चार गट आहेत. ही रचना प्रत्येक माणसात वेगळी असते, आणि दोन बाजूंची कोटरेही बहुधा सारखी नसतात.

या वेगळेपणाचे मूळ वाढीच्या क्रमात आहे. हनुकोटरे आणि झर्झरास्थीतील कोश जन्मतःच लहान स्वरूपात असतात; ललाटकोटर मात्र साध्या क्ष-किरण चित्रात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी दिसू लागते आणि पौगंडावस्थेच्या अखेरीपर्यंत वाढत राहते. सर्वांत उशिरा तयार होणारे हे कोटर सर्वांत जास्त बदलते. काही निरोगी प्रौढांत ते एका किंवा दोन्ही बाजूंना तयारच होत नाही. त्याची कड इतकी व्यक्तिविशिष्ट असते की न्यायवैद्यकात जुन्या क्ष-किरण चित्राशी ताडून मृताची ओळख पटवता येते. पुटीय तंतुमयता (सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे शरीरातील स्राव दाट करणारा आनुवंशिक आजार) आणि डाउन सिंड्रोम यांत ललाटकोटराची वाढ अनेकदा खुंटलेली आढळते.

हनुकोटराची अपुरी वाढ तुलनेने विरळ आहे, पण निदानात चकवा देणारी आहे. साध्या क्ष-किरण चित्रात लहान कोटर पांढुरके दिसते, त्यामुळे ते पू किंवा सूज यांनी भरले आहे असा समज होऊन नसलेल्या आजारावर औषधे दिली जाण्याचा धोका असतो. सी. टी. स्कॅनमध्ये खरी स्थिती उघड होते. बोल्जर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली या दोषाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात कोटर थोडेसेच लहान असते आणि त्याच्या मुखाशी असणारा हाडाचा अंकुशासारखा पातळ पापुद्रा शाबूत असतो, दुसऱ्यात तो खुरटलेला किंवा नाहीसा असतो, तर तिसऱ्यात तो नसतोच आणि कोटराच्या जागी केवळ एक फट उरते. खुरटलेला पापुद्रा डोळ्याच्या खोबणीच्या भिंतीला टेकलेला असू शकतो, म्हणून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना तो नेहमीच्या पद्धतीने कापल्यास खोबणीला इजा होऊ शकते. पूर्वी नीट वाढलेले कोटर पुढे आक्रसून डोळा आत ओढला जाणे ही मात्र निराळी, नंतर उद्भवणारी व्याधी आहे. तिची या दोषाशी गल्लत करू नये.

जतुककोटराची वाढ किती झाली आहे यावर नाकावाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीपर्यंत शस्त्रक्रियेत पोहोचणे किती सोपे ते ठरते. झर्झरास्थीचा एखादा कोश जतुककोटराच्या वर सरकलेला असेल, तर त्याला ओनोडी कोश म्हणतात. दृष्टीचा संदेश मेंदूकडे नेणारा डोळ्याचा मज्जातंतू त्याला अगदी लागून, कधी कधी त्याच्या आतून उघडा जातो. केरोस यांनी १९६२ साली गंधखाचेच्या, म्हणजे नाकाच्या छतावरील हाडात मेंदूचा वास ओळखणारा भाग जिथे बसतो त्या खाचेच्या, खोलीचे १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर असे तीन प्रकार मांडले; खाच जितकी खोल, तितकी तिची बाजूची पातळ भिंत शस्त्रक्रियेत भेदली जाण्याची भीती अधिक.

असे बहुतेक भेद आयुष्यभर काहीही त्रास देत नाहीत आणि निव्वळ ते आहेत म्हणून उपचारांची गरज नसते. शस्त्रक्रिया ठरल्यावर मात्र तिन्ही प्रतलांतील सी. टी. चित्रे बारकाईने पाहणे अनिवार्य आहे.