पेप्टाइडचा ढीग करणं सोपं, चिकटलेलं कुठलं ते ओळखणं अवघड : मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या मागची गोष्ट

आमच्या बेळगावात फार्मसी शिकायला खानापूर, निपाणी, चंदगडकडनं बरीच पोरं येतात, शाळा मराठीत झालेली आणि इथं सगळं इंग्लिशमधनं, त्यामुळं "पेप्टाइड लायब्ररी स्क्रीनिंग" (म्हणजे लाखो पेप्टाइडच्या ढिगातनं, लायब्ररीतनं, कामाचं शोधणं) असला टॉपिक सेमिनारला आला की पाठ करून बोलून मोकळी होतात. पण ह्याच्या मागचा इतिहास कळला ना, तर पाठ करायला लागतच नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो ॲसिडची छोटी साखळी. औषध म्हणून ह्यात दम आहे हे जुनंच, इन्सुलिन हे पेप्टाइडच की. ब्लडप्रेशरची कॅप्टोप्रिल गोळी अमेरिकेत 1981 ला मंजूर झाली, तिचं मूळसुद्धा ब्राझीलच्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडमध्ये (आपल्या शेतात निघते त्या घोणशीच्याच कुळातला साप). पण दरवेळी निसर्गात शोधत कुठं फिरणार, आपणच लाखो साखळ्या बनवून त्यातली कामाची उचलली तर?

बनवायची सोय केली अमेरिकेतल्या मेरीफिल्ड ह्या केमिस्टनी, 1963 मध्ये. साखळीचं एक टोक प्लास्टिकच्या बारीक मण्याला बांधायचं, एकेक अमिनो ॲसिड जोडत जायचं आणि मधला कचरा नुसता धुऊन टाकायचा. पुढं हंगेरीत फुर्का यांनी डोकं लढवलं, मण्यांचे भाग पाडा, प्रत्येक भागाला वेगळं अमिनो ॲसिड जोडा, परत सगळे मिसळा, परत भाग पाडा. 20 अमिनो ॲसिड आणि पाचच पायऱ्या घेतल्या तरी 32 लाख वेगळ्या साखळ्या! ह्या माणसानं 1982 मध्ये ही आयडिया चक्क नोटरीकडं नोंदवून ठेवली, आपल्याकडं जागेचा व्यवहार बॉण्डवर करतात तशी. 1991 मध्ये लॅम आणि हॉटन यांचे असल्या लायब्ररींवरचे पेपर एकाच वेळी नेचर ह्या सायन्स जर्नलमध्ये आले आणि मग सगळे ह्याच्या मागं लागले.

आता खरी गोची. लाखो मण्यांतला एक मणी तुमच्या प्रोटीनला (ज्याच्यावर औषध चालायला हवं त्याला) चिकटला, पण त्यावर साखळी कुठली? तेव्हा वाचायची पद्धत म्हणजे एडमन, टोकाचं एक अमिनो ॲसिड कापा, ओळखा, मग पुढचं, असं एकेका मण्याला तासन्‌तास. माझ्या मते सगळा फील्ड अडकला तो इथंच, ढीग वाढत गेला आणि वाचणारा एकच.

तसं वजनावरनं रेणू ओळखायचं मशीन, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर (मास स्पेक), जुनंच, ॲस्टनला त्यासाठी 1922 चं नोबेल मिळालेलं. पण त्याला रेणू हवेत उडालेला आणि चार्ज असलेला लागतो, आणि मोठं पेप्टाइड तापवलं की उडायच्या आधीच मोडतं. हा तिढा 1980 च्या दशकात सुटला. अमेरिकेत फेन यांनी द्रावणाचा चार्ज असलेला फवारा मारला, थेंब वाळत गेले आणि रेणू अख्खे हवेत. जपानात शिमाद्झू कंपनीतल्या तानाकांनी कोबाल्टच्या पावडरीत चुकून ग्लिसरीन मिसळलं, महाग पावडर टाकायची कशाला म्हणून तेच वापरलं आणि लेझर मारल्यावर रेणू न मोडता उडाले. माणूस इलेक्ट्रिकल इंजिनियर, पीएचडी नाही, आणि 2002 चं नोबेल! जर्मनीच्या कारास-हिलेनकॅम्प जोडीची लेझरचीच पद्धत आज जास्त वापरात आहे, त्यांना नोबेलमध्ये घेतलं नाही हे मला अजून पटत नाही.

मग रस्ता मोकळा झाला. प्रोटीन आणि लायब्ररी एकत्र ठेवा, न चिकटलेलं धुवा, चिकटलेलं सोडवून मशीनमध्ये घाला, मशीन साखळीचे तुकडे करतं आणि तुकड्यांच्या वजनातल्या फरकावरनं क्रम लागतो. फाज डिस्प्ले (जिवाणूंना लागणाऱ्या व्हायरसच्या अंगावर साखळ्या लावायच्या) म्हणून दुसरी पद्धत 1985 पासनं आहे, तिच्यात लायब्ररी ह्याहून कितीतरी मोठी होते, पण तिथं साखळी जिवाणू बनवतो, म्हणजे मुख्यतः निसर्गातलीच 20 अमिनो ॲसिड. मास स्पेकला तसं बंधन नाही, वजन माहीत असलं की झालं, त्यामुळं शरीरातली एन्झाइम लवकर तोडणार नाहीत असली नवी अमिनो ॲसिडही लायब्ररीत घालता येतात. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या पेंटेलूट यांच्या लॅबनं दहा कोटींच्या घरातल्या लायब्ररी अशाच चाळून दाखवल्या.

एक अडचण मात्र आहेच, ल्यूसीन आणि आयसोल्यूसीनचं वजन अगदी सेम, साध्या तुकड्यांवरनं ते वेगळे कळत नाहीत. त्यावर उपाय एकदम देशी, लायब्ररी बनवतानाच दोघांतलं एक घालायचं नाही.