सिस्टिमचा व्हॉल्यूम प्लेअरच्या हाती का जातो?

शिवाजी पेठेत हौशी नाटकाची तालीम रंगात आली होती. लॅपटॉपवर बारीक पाऊस वाजत होता, व्हॉल्यूम बेतानं ठेवलेला. पुढच्या प्रवेशाची सनई लावायला दुसरा प्लेअर उघडला आणि स्पीकर असा किंचाळला, की तात्या संवादच विसरले. "आरं, कमी कर की त्यो!" पोरानं व्हॉल्यूमला हातही लावला नव्हता. तरी सिस्टिमची पट्टी शंभरावर जाऊन बसलेली.

आवाज कमी-जास्त करणं हा संगणकाच्या लेखी निव्वळ गुणाकार. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीचे आकडे, असतात. प्लेअरनं प्रत्येक नमुन्याला ०.५ नं गुणलं आणि सिस्टिमनं पुन्हा ०.५ नं, तर स्पीकरकडे पाव उंचीची लहर जाते. दोन्ही पट्ट्या वेगळ्या असतील, तर प्लेअर कितीही चढला तरी सिस्टिमची मर्यादा ओलांडू शकत नाही.

तालमीतल्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. तिथल्या पल्सऑडिओत, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचा आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 'फ्लॅट व्हॉल्यूम' नावाची सोय आहे: सर्वांत मोठ्यानं वाजणाऱ्या प्रोग्रामची पातळी तीच सिस्टिमची पातळी. दोन पट्ट्यांशी झटापट नको, हा हेतू चांगलाच. पण शंभर टक्के लक्षात ठेवून बसलेला प्लेअर उघडला, की तो सगळी सिस्टिमच वर ओढतो. लहरीची उंची ०.१ वरून थेट १ झाली, तर वाढ २० डेसिबलची. शक्ती शंभरपट होते, कानाला आवाज साधारण चौपट वाटतो. तात्यांचं काही चुकलं नाही.

उपाय एका ओळीचा. पल्सऑडिओच्या 'डीमन डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'फ्लॅट-व्हॉल्यूम्स'ची ओळ शोधायची, तिच्यापुढचा अर्धविराम काढायचा, 'येस'चं 'नो' करायचं आणि लॉगआउट होऊन परत यायचं. अर्धविराम राहिला तर ती ओळ नुसती टीप समजली जाते, आणि बरेचजण नेमके इथंच अडकतात. उबंटू या लिनक्सच्या प्रकारानं पल्सऑडिओ वापरताना ही सोय आधीपासूनच बंद ठेवली होती, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं.

विंडोज एक्सपीतही प्लेअर सगळ्या उपकरणाचा आवाज हलवू शकत असे. व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रामला मिक्सरमध्ये स्वतंत्र पट्टी मिळाली. तरीही एखादा प्लेअर साउंड कार्ड एकट्यानं बळकावतो आणि बाकीचे प्रोग्राम मुके होतात. त्यासाठी कंट्रोल पॅनलच्या साउंडमध्ये जाऊन स्पीकरच्या प्रॉपर्टीज उघडायच्या आणि अॅडव्हान्स्डमध्ये 'एक्स्क्लूझिव्ह मोड'खालच्या टिकच्या खुणा काढायच्या. कॉल आला की गाणं आपोआप दबतं, ती तक्रार वेगळी: त्याच साउंडमधल्या कम्युनिकेशन्समध्ये 'डू नथिंग' निवडायचं.

अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ स्पीकर जोडल्यावर फोनचं बटण स्पीकरची पातळीही हलवत असेल, तर सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्स या एरवी लपलेल्या विभागात 'डिसेबल अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करायचं. मग दोन्हीकडची बटणं वेगवेगळी चालतात. मात्र स्पीकरचा आवाज आधी त्याच्याच बटणानं उतरवून ठेवलेला बरा.