इतकं हळू फिरणारं पातं फ्रिज कसा फाडतं?

फ्रिज, टायर, मोटारीचं इंजिन असं काहीही चावून टाकणाऱ्या श्रेडरचे व्हिडिओ सध्या घरोघरी बघितले जातात. ते बघून अनेकांना वाटतं की आतली पाती अतिशय धारदार असणार आणि जबरदस्त वेगाने फिरत असणार. प्रत्यक्षात पाती चांगली जाडजूड असतात, आणि त्यांचे फेरे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ कुखल हे गाव आहे. अन्टोन उंटरवुर्त्साखर यांनी 1970 मध्ये स्थापन केलेल्या 'उंथा' या कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. चार दंडांचे (फिरणाऱ्या शाफ्टचे) श्रेडर ही या कंपनीची खासियत. मधल्या दोन दंडांवरची आकडेदार पाती उलटसुलट दिशांनी फिरत माल आत ओढतात आणि कात्रीसारखी एकमेकींना खेटून तो कापतात. खाली चाळणी असते. तिच्यातून न उतरलेला तुकडा पुन्हा पात्यांकडे जातो.

पण एवढा जोर येतो कुठून? मोटरची शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. शक्ती तेवढीच ठेवून वेग कमी केला, की टॉर्क त्याच पटीत वाढतो. उदाहरणादाखल 60 किलोवॉटची मोटर घेऊ. मिनिटाला 1500 फेरे घेताना तिचा टॉर्क साधारण 382 न्यूटन-मीटर भरतो. गिअरबॉक्सने फेरे 20 वर आणले की तोच 75 पट, म्हणजे सुमारे 28,600 होतो (घर्षणात जाणारा वाटा सोडून देऊ). पात्याचं टोक दंडाच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर असेल, तर तिथे 1,43,000 न्यूटन बल मिळतं, म्हणजे जवळजवळ साडेचौदा टनांचा भार! तो 5 चौरस सेंटिमीटरवर एकवटला तर ताण 286 मेगापास्कल होतो. साधं पोलाद 250 च्या आसपासच कायमचं वाकू लागतं. फ्रिजचा पातळ पत्रा त्यापुढे काय टिकणार?

मग टायरसारखा माल वेगवान हातोड्यांनी का फोडत नाहीत? दगड किंवा काच फोडायला हातोडे उत्तमच, कारण त्यांच्यातल्या सूक्ष्म भेगा ताण येताच भराभर पसरतात. 1921 मध्ये ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेच्या बाबतीत हेच दाखवलं. रबराचं तसं नाही. त्याच्या लांबच लांब रेणुसाखळ्या घाव पचवतात आणि पुन्हा मूळ जागी येतात. मात्र द्रवरूप नायट्रोजनने (उणे 196 अंश सेल्सियस) गार केलं, की साखळ्यांची हालचाल गोठते. नैसर्गिक रबर उणे 70 च्या आसपासच काचेसारखं ठिसूळ होतं आणि मग हातोड्यानेही त्याचा भुगा होतो.

श्रेडरला खरी भीती असते ती लिथियम बॅटरीची. पातं तिच्यात घुसलं की आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन भडका उडू शकतो. यंत्रावर लिंबू-मिरची टांगून तो टळत नाही. बॅटऱ्या आधी वेचून काढाव्या लागतात.

आणि 'श्रेडर घ्या, कचरा संपवा' या जाहिरातींना भुलू नका. श्रेडर फक्त तुकडे करतो. त्यातलं लोखंड चुंबकाने, अॅल्युमिनियम एडी करंटने (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणाऱ्या भोवरी विद्युतप्रवाहाने) आणि प्लॅस्टिक प्रकारानुसार वेगळं करण्याचं काम त्यानंतर सुरू होतं.